मामूंच्या कपाटातली लेन्स

मामू जहाजावर होते. कोकणातल्या आमच्यासारख्या मुसलमान घरांत एखादा माणूस जहाजावर नाहीतर आखातात, ही जुनीच रीत. ऐंशीच्या दशकात त्यांचं जहाज काळ्या समुद्रातल्या ओडेसा बंदराला लागलं होतं, तिथून त्यांनी एक झेनिट कॅमेरा आणला. त्याच्या पुढच्या बाजूला मॉस्को ऑलिम्पिकच्या पाच कड्या कोरलेल्या होत्या. माझ्या लहानपणीच्या ईदचे जेवढे फोटो आमच्याकडे आहेत, ते सगळे त्या कॅमेऱ्याचे. पुढे त्याचं शटर अडकलं, रोल मिळेनासे झाले आणि कॅमेरा कपाटात गेला. मामूंचा इंतकाल होऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मुमानींनी कपाट रिकामं करायला काढलं आणि मला बोलावून म्हणाल्या, "हे तुझ्या मामूंचं. भंगारात द्यायला मन होत नाही. तुला काही उपयोग असेल तर घेऊन जा."

कॅमेरा खरंच भंगार झाला होता. पण पुढची लेन्स फिरवून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली, तर आतली काच बऱ्यापैकी शाबूत होती. कडेला मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी पसरली होती. कडीवर रशियन लिपीत नाव, शेजारी ४४-२, २/५८ आणि ७८ ने सुरू होणारा एक लांब क्रमांक. माझा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याने लेन्स हातात घेतली आणि म्हणाला, "अम्मी, ही हेलिओस आहे. लोक शोधत असतात. एक साधी रिंग आणली की माझ्या कॅमेऱ्यावर बसेल."

त्याच आठवड्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरत आला. कॅमेऱ्याचा शोध हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या मुसलमान शास्त्रज्ञाने लावला, कॅमेरा हा शब्दसुद्धा अरबी आहे, युरोपने ते सगळं चोरलं आणि शाळेत हे मुद्दाम शिकवत नाहीत. खाली 'सुभानल्लाह'ची रांग लागली होती. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून एका चुलतभावाने विचारलं, "आपा, हे खरं ना?" दोन ओळींत उत्तर देता आलं नाही. मामूंच्या लेन्सचा इतिहास शोधताना ते उत्तर तुकड्यातुकड्याने सापडत गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्दाचं बघू, कारण माझं काम तेच. कॅमेरा हा शब्द अरबी नाही. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे कमानीच्या छताची खोली, आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. हिंदी-उर्दूतला 'कमरा' हाही पोर्तुगीजांबरोबर आलेला त्याच कुळातला शब्द. लेन्सची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या मराठी पुस्तकात जे बहिर्गोल भिंग, ते उर्दू माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'मुहद्दब अदसा'. अदसा आला अरबी 'अदस'वरून, आणि अदस म्हणजे मसूर. गंमत अशी की लॅटिनमध्येही 'लेन्स' म्हणजे मसूरच. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला पातळ अशी काच पाहून अरबी माणसाला जे आठवलं, तेच लॅटिन लिहिणाऱ्यालाही आठवलं. घरात अख्खा मसूर निवडताना एक दाणा नीट बघा, लगेच पटेल.

आता माणसांचं. दहाव्या शतकात, ९८४ च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न सहल नावाच्या गणितज्ञाने सूर्याचे किरण एका बिंदूत गोळा करून आग लावणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. हवेतून काचेत शिरताना किरण किती वळतो, याचा नियम त्याने भूमितीच्या आकृतीने मांडला. आपण हा नियम 'स्नेलचा नियम' म्हणून शिकवतो, आणि स्नेलचा काळ १६२१ चा. इब्न सहलने आणखी एक गोष्ट दाखवली होती. सगळे किरण अचूक एका बिंदूवर आणायचे असतील, तर भिंगाचा पृष्ठभाग चेंडूसारखा गोल चालत नाही, त्याला वेगळं वळण लागतं. आजच्या महागड्या लेन्सवर 'अ‍ॅस्फेरिकल' असं अभिमानाने छापलेलं असतं, त्यामागचा विचार हाच.

पण तो नियम पुढे चालला नाही. ग्रंथाची पानं विखुरली, काही दमास्कसला आणि काही तेहरानला जाऊन पडली. दोन्हीकडची पानं एकाच पुस्तकाची आहेत हे रोशदी राशेद या अभ्यासकाने ओळखलं, आणि १९९० मध्ये इब्न सहलचा नियम जगासमोर मांडला. तोवर युरोपने तो स्वतःच्या कष्टाने पुन्हा शोधून कितीतरी दुर्बिणी आणि लेन्स बनवल्या होत्या. म्हणजे या बाबतीत कोणी आपलं चोरलं नाही. आपल्याच कपाटात ते पडून राहिलं.

इब्न अल-हैसमचं मात्र उलट झालं. त्याचा जन्म बसऱ्याचा, ९६५ च्या सुमाराचा, आणि आयुष्याचा मोठा काळ गेला काहिऱ्यात. तिथे त्याने प्रकाशावर सात भागांचा ग्रंथ लिहिला, 'किताब अल-मनाझिर'. डोळ्यातून काही बाहेर पडून वस्तूला स्पर्श करतं म्हणून दिसतं, अशी एक जुनी समजूत होती. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसतं, हे त्याने पद्धतशीर मांडलं आणि प्रयोगाने तपासलं. एका छिद्रासमोर ओळीने दिवे ठेवायचे. पलीकडच्या अंधाऱ्या जागेत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाचा दुसऱ्यात मिसळून बिघडत नाही, हे एवढ्या साध्या प्रयोगात दिसतं. हा प्रयोग मी वर्गात दोन मोबाइलचे टॉर्च आणि एक पुठ्ठा घेऊन केला आहे.

त्याने कॅमेरा बनवला नाही, तसा दावाही केला नाही. पण त्याचं पुस्तक १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये गेलं, शतकानुशतकं वाचलं गेलं आणि १५७२ मध्ये बाझल शहरात छापलं गेलं. त्या छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून अरब अल्हाझेनचं नाव ठळक आहे. चोर असं नाव छापून चोरी करत नाहीत. केप्लरने १६०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा कशी उमटते हे सांगितलं, तेव्हा तो याच परंपरेत उभा राहून तिच्यातल्या चुका दुरुस्त करत होता. इब्न अल-हैसमलाही ते आवडलं असतं. त्याने स्वतः टॉलेमीसारख्या थोर माणसाच्या लिखाणावर शंकांचं एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. नाव मोठं आहे म्हणून ऐकून घ्यायचं नाही, तपासून बघायचं, हा त्याचा शिरस्ता. आमच्या ग्रुपवर त्याचंच नाव घेऊन न तपासलेला संदेश फिरतो, याचं जास्त वाईट वाटतं.

आता मामूंच्या लेन्सकडे येऊ. १८३९ मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या की माणसाला मिनिटं मिनिटं न हलता बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाचा गणितज्ञ योझेफ पेट्झवाल याने आधी आकडेमोड करून एक तेज लेन्स रचली. त्या गणितासाठी त्याला तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं मदतीला मिळाली होती. लेन्स घासून घासून अंदाजाने सुधारण्याऐवजी कागदावर गणिताने रचण्याचा काळ इथून सुरू झाला.

त्या गणिताचं मोठं घर म्हणजे जर्मनीतलं येना गाव. कार्ल झाइसने तिथे १८४६ मध्ये सूक्ष्मदर्शकांचा कारखाना काढला. गणित आणि भौतिकशास्त्र जाणणारा एर्न्स्ट आबे त्याला येऊन मिळाला, आणि काच बनवणाऱ्या ऑटो शॉटबरोबर १८८४ मध्ये खास काचेची भट्टी उभी राहिली. आबेचे वडील सूतगिरणीत रोज चौदा-सोळा तास उभ्याने काम करायचे. बापाचे ते दिवस आबे विसरला नाही. झाइसच्या मृत्यूनंतर त्याने कारखान्याची मालकी एका प्रतिष्ठानाकडे सोपवली. प्रतिष्ठानाच्या नियमावलीत लिहिलं की नेमणूक करताना माणसाचा वंश, धर्म आणि पक्ष बघायचा नाही. १९०० मध्ये त्याने आठ तासांचा दिवस लागू केला. लेन्सच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आवडलेला माणूस हा.

१८९६ मध्ये याच कारखान्यात पाउल रुडोल्फने 'प्लानार' नावाची लेन्स रचली. सहा काचा, मधे छिद्र, आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंची रचना जवळजवळ आरशातल्यासारखी. पुढच्या अर्ध्या भागाच्या चुका मागचा अर्धा भाग निस्तरतो. अडचण एकच होती. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत उडतो. प्लानारमध्ये असे आठ पृष्ठभाग. म्हणजे पाव भागाहून जास्त प्रकाश वाया, आणि तो आतल्या आत आपटून फोटो धुरकट करणार. म्हणून चांगली रचना असूनही ती चाळीसेक वर्षं मागेच राहिली. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिपातळ थर चढवून ही उधळण रोखण्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला ते लष्करी गुपित होतं. तुमच्या चष्म्यावर जो निळा-जांभळा झाक दिसतो, तो याच थराचा वंशज.

प्लानारच्या वळणावर झाइसच्या विली मेर्टेने 'बायोटार' लेन्स रचल्या. त्यांतली ५८ मिलिमीटरची, एफ/२ ची लेन्स तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात एक्झाक्टा कॅमेऱ्यांसाठी आली. एफ/२ म्हणजे तोंड मोठं, कमी उजेडातही काम करणारी. मामूंच्या लेन्सवरचं २/५८ ते हेच.

पण तोपर्यंत जर्मनीत नाझी सत्तेवर होते. वंश-धर्म न बघण्याची नियमावली असलेल्या त्याच कारखान्यात युद्धाच्या काळात सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबवले गेले, लष्करासाठी दुर्बिणी आणि नेमसाधनं बनवायला. आबेचा कागद तिजोरीत तसाच होता. कागद असून उपयोग झाला नाही.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने येना घेतलं. ठरलेल्या वाटणीप्रमाणे ते जुलैत रशियनांच्या ताब्यात जायचं होतं. जाण्याआधी अमेरिकनांनी ऐंशीच्या आसपास निवडक तज्ज्ञ आपल्याबरोबर पश्चिमेला नेले, आणि त्यांच्यातून ओबरकोखेन गावी पश्चिमेचं झाइस उभं राहिलं. मेर्टे पुढे अमेरिकेत गेला. मग रशियनांनी नुकसानभरपाई म्हणून येनाच्या कारखान्यातली बहुतेक यंत्रं उचलली, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये एका पहाटे शेकडो तंत्रज्ञांना कुटुंबांसकट गाड्यांत बसवून सोव्हिएत संघात नेलं. त्यांना विचारलं कोणी नव्हतं. एकाच घराची अशी फाळणी झाली, आणि भांडण शेवटी नावावर येऊन ठेपलं. खरं झाइस कोण, पूर्वेचं की पश्चिमेचं, यावर देशोदेशी खटले चालले. १९७१ मध्ये लंडनला समझोता झाला. त्यानंतर पूर्वेच्या लेन्स पश्चिमी बाजारात झाइसचं नाव न लावता 'आउस येना', म्हणजे 'येनाहून', एवढ्याच ओळखीवर विकल्या जाऊ लागल्या. आपल्या उपखंडातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क इथे लेन्सचा मोठा कारखाना होता. तिथल्या लोकांनी बायोटारची रचना घेतली, आपल्याकडे मिळणाऱ्या काचेप्रमाणे गणित पुन्हा जुळवलं आणि १९५८ च्या सुमारास तिला नाव दिलं 'हेलिओस-४४'. हेलिओस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. तिची ४४-२ ही आवृत्ती झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखोंनी बनली आणि जगभर गेली. या कारखान्याच्या लेन्सवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात, म्हणजे मामूंची लेन्स १९७८ ची. कारखान्याची खूण आहे एक लोलक आणि त्यातून वळून जाणारा किरण. ती खूण भिंगाखाली बघताना मला इब्न सहलची आकृती आठवली. नकाशा बगदादचा नाही, हात क्रास्नोगोर्स्कचे, पण काचेत शिरणारा किरण तसाच वळतो.

मग ही लेन्स चाळीस वर्षांनी माझ्या मुलाच्या जपानी कॅमेऱ्यावर बसली कशी? याचं श्रेय एका साध्या आट्याला जातं. १९४९ मध्ये ड्रेस्डेनहून कॉन्टॅक्स एस नावाचा कॅमेरा आला. त्याला लेन्स बसवायला ४२ मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर अंतराचे आटे असलेला स्क्रू होता. याला लोक एम-४२ म्हणतात. पुढे पूर्व जर्मनीचे प्राक्टिका, जपानचा पेंटॅक्स (१९५७), रशियाचा झेनिट, सगळ्यांनी हाच स्क्रू घेतला. शीतयुद्धात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या देशांच्या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर बिनतक्रार बसत होत्या.

नंतर काळ बदलला. १९८५ मध्ये मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा आणला आणि लेन्सच्या पोटात विजेचे संदेश धावू लागले. १९८७ मध्ये कॅननने आपली लेन्स बसवण्याची पद्धतच बदलली. आधीच्या चांगल्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर साध्या रिंगने नीट चालेनात. कारण असं की प्रत्येक लेन्सला फिल्मपासून ठरावीक अंतरावरच बसावं लागतं. एम-४२ ला ते ४५.४६ मिलिमीटर लागतं. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या कडीपासून फिल्मपर्यंतचं अंतरच ४६.५ आहे, म्हणजे लेन्स आधीच एक मिलिमीटर लांब पडली, दूरचा डोंगर तिला स्पष्ट दिसणारच नाही. नव्या कॅननमध्ये ते ४४ आहे, म्हणून तिथे पातळ कडी टाकून एम-४२ चालायची. पण कॅननच्याच जुन्या लेन्सना ४२ हवं होतं, त्या अडकल्या. असा मिलिमीटरचा हिशेब न जुळल्याने चांगल्या चांगल्या लेन्स कपाटांत गेल्या.

त्या बाहेर आल्या २००८ नंतर. लेन्स आणि फिल्म यांच्या मधे फटकन वर उडणारा आरसा असायचा, त्याच्यासाठी एवढी जागा सोडावी लागे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर पडलेलं चित्र थेट पडद्यावर दिसतं, तर आरसा हवा कशाला? २००८ मध्ये पॅनासोनिकने आरसा काढून टाकलेला पहिला कॅमेरा आणला. २०१० मध्ये सोनीने तेच केलं, आणि तिथे लेन्स ते सेन्सर अंतर उरलं फक्त १८ मिलिमीटर. ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६. एवढ्या लांबीची धातूची पोकळ नळी मधे टाकली की झालं. तिच्यात काच नाही, तार नाही. नव्या कॅमेऱ्याने जी जागा मोकळी केली, तीच जुन्या लेन्सला बसायला मिळाली. मी दोन भाषांच्या मधे उभी राहून पोट भरते, म्हणून ही नळी मला फार ओळखीची वाटली. चांगल्या दुभाष्याचं कामही एवढंच. दोघांमधलं अंतर अचूक ओळखायचं आणि स्वतःचं काही मिसळायचं नाही.

कोणाच्या घरी अशी लेन्स पडून असेल तर थोडं उपयोगाचं सांगते. कॅमेऱ्याच्या मेनूत 'लेन्स नसतानाही शटर चालू' असा पर्याय असतो, तो आधी सुरू करायचा, कारण कॅमेऱ्याला वाटतं समोर लेन्सच नाही. हात स्थिर ठेवणारी सोय असेल तर तिला ५८ हा आकडा हाताने सांगायचा. हेलिओसवर छिद्राच्या दोन कड्या असतात. एकीने मर्यादा ठरवायची, दुसरी मोकळी फिरवून त्या मर्यादेपर्यंत छिद्र बंद-उघड करायचं. जुन्या कॅमेऱ्यात छिद्र लहान केलं की समोरचं चित्र अंधारायचं, म्हणून ही दुहेरी योजना. आताचा पडदा स्वतःच उजेड वाढवून दाखवतो. फोकस हाताने करायचा. चित्राचा जो भाग स्पष्ट झाला त्याच्या कडा रंगीत चमकवण्याची सोय आताच्या कॅमेऱ्यांत असते, शिवाय चित्र मोठं करूनही बघता येतं. चाळीस वर्षांपूर्वी मामू जे नजरेने करत होते, त्याला आता एवढी मदत आहे. सेन्सर लहान असेल तर दृश्य आवळून येतं. दीडपट आवळणाऱ्या सेन्सरवर ५८ ची लेन्स फिल्मवरच्या ८७ सारखी वागते, चेहऱ्यांना उत्तम.

आणि दोष? आहेत. सूर्य समोर असला की फोटो धुरकट होतो. तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर कडा मऊ येतात. मागे झाडाची पानं असली की त्यांचे ठिपके मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. कडेकडचे किरण लेन्सच्या नळीने अर्धे कापले जातात, त्यामुळे तिथले गोल ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चिंचोळे होतात, आणि कडेला राहून गेलेल्या दोषांची त्यात भर पडते. जी चूक काढून टाकायला गणितज्ञांनी आयुष्यं घालवली, तिच्यासाठीच आता तरुण मुलं ही लेन्स शोधतात. मी मुलाला म्हटलं, "चुकीचे पैसे देता होय?" तो म्हणाला, "सगळ्यांचे फोटो सारखेच साफ येतात ना आता, अम्मी."

राहिली बुरशी. आमच्या दमट हवेत लेन्सचा खरा शत्रू तीच. बंद कपाट, अंधार, कापडी पिशवी किंवा चामड्याचं कव्हर, हे तिला फार आवडतं. आपण जपायचं म्हणून जिथे ठेवतो, तिथेच ती वाढते. वेळेवर काढली नाही तर काचेवरचा तो पातळ थर खाऊन टाकते, आणि मग पुसूनही डाग जात नाही. उपाय साधे आहेत. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, त्या वेळोवेळी बदलायच्या, आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरत राहायची, तिला उजेड-वारा लागू द्यायचा. मामूंची लेन्स एका जुन्या कारागिराने उघडून साफ करून दिली. वंगण बदललं, कडी पुन्हा लोण्यासारखी फिरू लागली. कडेला नखाएवढा डाग राहिला आहे. तो फोटोत दिसत नाही, पण मला ठाऊक आहे.

चुलतभावाला मी शेवटी फोनवर सांगितलं. इब्न सहल आणि इब्न अल-हैसम आपले आहेतच, त्यांचा अभिमान जरूर बाळग. पण एकाचं काम आपण जपून ठेवलं आणि ते हजार वर्षं कोणाच्या कामी आलं नाही. दुसऱ्याचं परक्यांनी वाचलं, तपासलं, चुका काढल्या, पुढे नेलं, आणि म्हणून आज आपल्याला त्याचं नाव तरी माहीत आहे. वारसा सांगायचा असेल तर आधी तो हातात घ्यावा लागतो. तुझी मुलगी आठवीत आहे, तिला पुठ्ठा आणि दोन टॉर्च दे, मी सांगते तसं कर, आणि मग ग्रुपवर तो फोटो टाक. तो थोडा हिरमुसला. पण रविवारी त्याने खरंच फोटो टाकला. भिंतीवर दोन ठिपके, आणि मुलीचा हात एका टॉर्चवर.

ईदला मी मुलाचा कॅमेरा घेऊन मुमानींकडे गेले. त्या ओसरीवर बसल्या होत्या, मागे आंब्याचं झाड. पहिले पाच-सहा फोटो फोकस चुकून वाया गेले. सातवा बरा आला. मुमानींनी पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "हा त्यांच्याच काचेतून?" मी हो म्हटलं. घरी येऊन फोटोची माहिती उघडली, तर कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ सगळं होतं. लेन्सच्या रकान्यात काही नव्हतं, कारण नळीतून संदेश जात नाही. मी फोटो छापून घेतला आणि मागे पेनाने लिहिलं : हेलिओस, १९७८, मामूंची.